बाळ तोलतो, मग वार का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकतीस वर्षे मी परिचारिका होते, त्यातली बरीचशी चोपडा-यावल भागात. बाळ जन्मले की लगेच काट्यावर जाते. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, मात्र ट्रेमध्ये उलटून पालटून, तुकडा आत राहिला नाही एवढे बघितले की पिवळ्या पिशवीत. मीही हेच करत आले.

१९९४ साली माझ्याच बाळंतपणात आठव्या महिन्यात बी.पी. वाढले. मुलगी दीड किलोची झाली. सोबतच्या सिस्टरने मला वार दाखवली. पूर्ण दिवसांची वार वीतभर रुंद, साधारण अर्धा किलोची, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढी असते. माझी तळहाताएवढीच होती, जागोजागी पांढरट, कडक. केसपेपरवर तिच्याविषयी एकच शब्द लिहिला गेला: ‘पूर्ण’. दुसऱ्या खेपेला डॉक्टर बदलले. त्यांना त्या शब्दावरून काय कळणार होते? तेव्हाही बी.पी. चढले आणि बाळ राहिले नाही.

या दुखण्याचे मूळ बहुतेकदा पहिल्या चार-पाच महिन्यांतच असते. गर्भाशयातल्या बारीक, पीळदार धमन्या वारेसाठी रुंद व्हायला हव्यात. त्या अरुंदच राहिल्या तर वारेला रक्त नीट मिळत नाही. बी.पी. वाढलेले दिसते ते फार उशिरा. डॉपलर सोनोग्राफीत हा रक्तप्रवाह मोजता येतो. नाळेच्या धमनीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबला किंवा उलटा फिरला, तर बाळ धोक्यात असते. अमेरिकेत २०१४ मध्ये ‘ह्यूमन प्लॅसेंटा प्रोजेक्ट’ सुरू झाला, वार पोटात असतानाच तिचे काम मोजायच्या पद्धती शोधण्यासाठी. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जोखमीच्या ठरलेल्या गरोदर बायांना रोज रात्री १५० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन दिल्यावर, ३७ आठवड्यांआधी बाळंत व्हावे लागेल असा बी.पी.चा विकार ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, पण कोणाला द्यायची हे वेळेत कळायला तर हवे!

आणि मोजायचे ते फक्त बिघडलेल्या बाळंतपणात नव्हे. केळीच्या बागेत, कापूस वेचणीला आठव्या महिन्यापर्यंत राबणाऱ्या आपल्या बाईची निरोगी वार किती भरते? धडगाव-अक्कलकुव्याच्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या आईची किती? आपली मापे हाताशी नसतील तर कमी-जास्त ठरवायचे कशावरून?

माझी आजी वार अंगणात खड्डा करून जपून पुरायची. तिच्याकडे काटा नव्हता. आज प्रत्येक प्रसूतिगृहात आहे. नाळ, पडदे आणि गुठळ्या काढून वारेचे वजन, रुंदी, नाळ मध्यावर की कडेला आणि कडक डाग एवढे केसपेपरवर व आईच्या कार्डावर लिहायला पाच मिनिटे लागतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या नोंदी गोळा कराव्यात, आणि आधी बी.पी. वाढलेल्या प्रत्येक बाईला तिसऱ्या महिन्यातच तालुक्याच्या ठिकाणी डॉपलर मिळावे. नव्या सिस्टरांना शिकवायला लागले तर मी बिनपगारी येईन.

— एक निवृत्त परिचारिका, चोपडा (जि. जळगाव)