बंदी नको, नियम हवेत

‘सोसायट्यांत कुत्र्यांना बंदीच हवी’ हे वाचकपत्र वाचले. जिन्यातली घाण आणि रात्रीचे भुंकणे याबद्दलची तक्रार रास्त आहे; पण बंदीचा सर्वाधिक फटका एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना बसेल, याचा विचार त्यात नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० ते ८० वयोगटातील सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूची जोखीम ३३ टक्क्यांनी कमी आढळली. मुळात धडधाकट माणसेच कुत्रा पाळत असतील, ही शक्यता संशोधकांनीही नाकारलेली नाही. तरीही रोजचे चालणे आणि चार माणसांत मिसळणे यांचे मोल त्याने कमी होत नाही. आमच्या इमारतीतील एक निवृत्त शिक्षिका पतीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. आता सकाळी कुत्र्याचा पट्टा हातात धरून त्या खाली उतरतात. दूधवाला, वॉचमन, शाळेच्या बससाठी थांबलेली मुले, सगळ्यांशी बोलतात.

भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. रेबीजची लस, बाहेर नेताना पट्टा, विष्ठा मालकानेच उचलणे हे नियम मात्र सर्वसाधारण सभेत जरूर ठरवावेत आणि त्या सभेत प्राणी पाळणाऱ्या ज्येष्ठांचेही म्हणणे ऐकून घ्यावे.

— एक वाचक, डोंबिवली