‘पाच-दहा थेंब’ हे माप नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गांज्याच्या टिंक्चरवर, म्हणजे जिभेखाली घ्यायच्या अर्कावर, लेख छापलात, विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण या गोष्टीवर लोक एकतर कुजबुजतात नाहीतर अमृत सापडल्यासारखं बोलतात, मधलं कोणी बोलतच नाही. पण त्यातलं एक वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. "नवीन माणसाने जिभेखाली पाच ते दहा थेंब घ्यावेत, अर्ध्या तासात फरक पडला नाही तर पुन्हा घ्यावेत." अहो, हेच तर मी केलं होतं! अगदी हेच. म्हणून हे पत्र.

मी राहतो तिथे हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतं. (जिथे मिळत नाही तिथल्या लोकांनी कायदा बघूनच काय ते ठरवावं, आणि कुठूनतरी चोरून आणलेल्या, लेबल नसलेल्या बाटलीला माझं पुढचं काहीच लागू होत नाही, कारण पुढचं सगळं लेबलवरच उभं आहे.) कंबरेचं जुनं दुखणं, रात्री झोप नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं. बाटली ३० मिलीची, लेबलवर टीएचसी (गांज्यातलं नशा आणणारं रसायन) ६०० मिलीग्रॅम. मी ते वाचलं पण त्याचा हिशोब केला नाही, एका मिलीचा ड्रॉपर अर्धा भरला, जिभेखाली सोडला, झोंबलं, गिळलं. पन्नास मिनिटं झाली, काहीच नाही. म्हटलं आपल्याला लागत नाही वाटतं, तब्येत दणकट आहे, आणि अख्खा ड्रॉपर घेतला.

आता हिशोब करा. ६०० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत २० मिलीग्रॅम. आधी १०, मग २०, एकूण ३० मिलीग्रॅम, आणि नवशिक्याची सुरुवात असते १ ते २.५ मिलीग्रॅमपासून! दोन तासांनी मी बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो होतो, तोंडाला कोरड, छाती धडधडतेय, आणि मला ठाम वाटत होतं की आपण काही आता उठत नाही. बायको शेजारी बसून नाडी मोजत होती आणि मी तिला दर मिनिटाला विचारत होतो किती वाजले. तिच्या मते मी तो प्रश्न चाळीस वेळा तरी विचारला, मला मात्र दर वेळी वाटत होतं पहिल्यांदाच विचारतोय. सकाळपर्यंत निवळलं, पण पुढचा अख्खा दिवस डोकं कापसासारखं होतं.

तर मुद्दा हा की थेंब हे माप नाही. घरी मी नंतर मोजून बघितलं, रिकामटेकडा उद्योग म्हणा. माझ्या अल्कोहोलवाल्या बाटलीच्या ड्रॉपरमधून एका मिलीचे ३४ थेंब पडले आणि दुसऱ्या एका तेलवाल्या बाटलीचे २६. अल्कोहोलचा थेंब बारीक पडतो, तेलाचा जाड, शिवाय ड्रॉपर तिरका धरला की अजून बदलतो. आता पहिली बाटली मिलीला २० मिलीग्रॅमची आणि दुसरी ५० ची असेल, तर पहिलीचे दहा थेंब म्हणजे साधारण ६ मिलीग्रॅम आणि दुसरीचे दहा म्हणजे १९. दोघांनीही तुमच्या लेखाप्रमाणे "दहा थेंब"च घेतले ना, मग एकाला बरं वाटेल आणि दुसरा माझ्यासारखा फरशीवर बसेल.

टिंक्चर म्हटलं की आमच्या पिढीला आठवतं ते गुडघा फुटल्यावर लावायचं झोंबणारं आयोडीन. शब्द तोच, कारण टिंक्चर म्हणजे मुळात अल्कोहोलमध्ये उतरवलेलं किंवा विरघळवलेलं औषध. गांज्याचं टिंक्चर काही आजचं फॅड नाही. विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ च्या सुमारास कोलकात्यात त्यावर प्रयोग केले आणि तिथून ते पाश्चात्त्य औषधशास्त्रात गेलं, अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून तर ते १९४२ मध्ये काढलं. त्या काळच्या डॉक्टरांची मोठी अडचण हीच होती की एका बाटलीचा जोर दुसरीला नसायचा, एकाला वीस थेंबांनी काही होत नाही आणि दुसरा तेवढ्यातच आडवा. कारण आत नेमकं काय काम करतं हेच माहीत नव्हतं, टीएचसी वेगळं काढून त्याची रचना मांडली ती गाओनी आणि मेकोलाम यांनी १९६४ मध्ये. त्या बिचाऱ्यांकडे थेंबाशिवाय दुसरं काही नव्हतंच, आपल्याकडे लेबलवर मिलीग्रॅम छापून येतंय आणि आपण अजून थेंबच मोजतोय, याला काय म्हणायचं?

लेबल वाचायचं म्हणजे तीन गोष्टी बघायच्या. एकूण मिलीग्रॅम किती, बाटली किती मिलीची, आणि ते मिलीग्रॅम टीएचसीचे, की सीबीडीचे (हे गांज्यातलंच दुसरं रसायन), की दोन्ही मिळून. काही बाटल्यांवर टक्के असतात, तिथे १ टक्का म्हणजे मिलीला साधारण १० मिलीग्रॅम असं धरा. नशा, धडधड, वेळ लांबल्यासारखी वाटणं हे सगळं टीएचसीचं काम, सीबीडीने तशी नशा होत नाही. म्हणून नवीन माणसाला शक्यतो सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी अशी बाटली बरी, उदाहरणार्थ २० ला १ प्रमाणवाली. पण प्रमाण म्हणजे जोर नव्हे हं, २० ला १ असलं तरी मिलीत टीएचसी किती ते वेगळं बघावंच लागतं.

आणि लेबल खरं बोलतंय का, हा आणखी वेगळा प्रश्न. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ प्रॉडक्ट्स तपासली तर ३१ टक्केच लेबलबरहुकूम निघाली, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. म्हणून स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट, त्यावर बाटलीवरचाच बॅच नंबर आहे का बघा, रिपोर्टमध्ये कीटकनाशकं, जड धातू, बुरशी तपासली का तेही बघा. ज्यांची नोकरीत लघवीची तपासणी होते त्यांनी तर "फक्त सीबीडी" लिहिलेल्या बाटलीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

आता मोजायचं कसं? औषधाच्या दुकानात लहान बाळांना औषध पाजायची १ मिलीची बिनसुईची सिरिंज मिळते, ती घ्या. बाटली आधी हलवा, मग ओढा. माझ्या बाटलीत ०.१ मिली म्हणजे २ मिलीग्रॅम, झाली सुरुवात. जिभेखाली सोडायचं, मिनिट-दीड मिनिट धरायचं, बोलायचं नाही, मग गिळायचं. अल्कोहोल कडक असलं तर तोंडाची आग होते, रोज त्याच जागी सोडून जिभेखाली जखम करून घेऊ नका, अशा वेळी तेलवाली किंवा ग्लिसरीनवाली बाटली मिळते का विचारा. आणि जे दारू सोडायच्या डायसल्फिराम गोळ्या घेतात त्यांनी अल्कोहोलवालं टिंक्चर थेंबभरही घेऊ नये.

जिभेखालून घेतलं की पटकन चढतं असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. जे तिथून थेट रक्तात जातं त्याचा परिणाम पंधरा मिनिटं ते पाऊण तासात दिसू शकतो. पण आपण कितीही धरलं तरी बराचसा भाग लाळेबरोबर पोटात जातोच, आणि पोटातून गेलेलं टीएचसी लिव्हरमधून जाताना अकरा-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाच्या दुसऱ्या पदार्थात बदलतं, जो डोक्यावर जास्त जोरात चालतो. त्याला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि मग तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. म्हणजे एकाच घोटाच्या दोन लाटा येतात. मी पन्नासाव्या मिनिटाला "काही झालं नाही" म्हणून दुसरा डोस घेतला तेव्हा पहिल्याची दुसरी लाट अजून यायचीच होती. त्यामुळे तुमचं ते अर्ध्या तासाचं वाक्य धोक्याचं आहे. कमीत कमी दोन तास थांबा, आणि खरं सांगू का, पहिल्या दिवशी दुसरा डोस घ्यायचाच नाही, दुसरा डोस म्हणजे उद्या. पोटात तेल-तूप असेल तर जास्त शोषलं जातं, म्हणून एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस भरपेट जेवून असं करून तुलना करू नका.

मी आता वहीत लिहितो. वेळ, किती मिलीग्रॅम, जेवण आधी की नंतर, कंबर कशी, झोप किती. तोच डोस दोन-तीन रात्री, फरक नसेल तरच १-२ मिलीग्रॅम वाढवायचं. कंटाळवाणं आहे, पण यातूनच मला कळलं की माझं काम ४ मिलीग्रॅमवर होतं आणि ६ वर सकाळी डोकं जड. म्हणजे पहिल्या रात्री मी गरजेच्या सात-आठ पट प्यायलो होतो!

पहिला डोस घरी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी काही काम नसताना, आणि घरात कोणीतरी शुद्धीवरचं माणूस असताना घ्या. गाडी अजिबात नाही, "मला आता बरं वाटतंय" असं वाटलं तरी नाही. बरोबर दारू नको, दारूने रक्तातलं टीएचसी वाढतं. वयस्कर मंडळींना उठताना चक्कर येते, माझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी आधी त्यांना रात्री बाथरूमला किती वेळा उठता हेच विचारलं.

आणि काहींनी या वाटेला जाऊच नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, कोवळ्या वयाची मुलं, हार्टचा आजार असलेले, आणि ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारे मानसिक आजार) झालाय असे. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सीबीडीसुद्धा नको. लोक म्हणतात नॅचरल आहे, पण हे नॅचरल लिव्हरमध्ये इतर औषधांच्या रांगेत घुसतं. रक्त पातळ करायचं वॉरफरिन, फिट्सचं क्लोबाझाम यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढू शकतं.

फायद्याचं म्हणाल तर तुमच्या लेखात कॅन्सरपासून केस गळण्यापर्यंत यादी होती. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये सगळे अभ्यास चाळून ठोस आधार सांगितला तो मोठ्यांचं जुनं दुखणं, केमोची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा यांनाच. तेही वेगवेगळ्या स्वरूपातल्या औषधांचे अभ्यास, आणि कोणाचा कॅन्सर बरा झाला असं नव्हे. सीबीडीचं मान्यताप्राप्त औषध आहे, एपिडिओलेक्स, २०१८ चं, फिट्सच्या काही दुर्मिळ आजारांवर, आणि त्याचा नेहमीचा डोस रोज किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० ते १२०० मिलीग्रॅम. आणि इथे कोणीतरी रोज सीबीडीचे दहा मिलीग्रॅम घेऊन सांगतं की आयुष्य बदललं! बदललंही असेल, मी कोण सांगणारा, पण छापताना जरा तोलून छापा.

जास्त झालंच तर घाबरू नका, मोठ्या माणसाला हे बहुतेक वेळा झोपेने आणि वेळेने उतरतं, शांत खोली, पाणी, कोणीतरी जवळ. वरून सीबीडी घेतलं की उतरतं असं सांगतात त्यावर विसंबू नका. छातीत दुखलं, माणूस जागा होईना, भलतंसलतं बोलायला लागला, तर सरळ हॉस्पिटल आणि तिथे काय घेतलं ते न लाजता सांगा. आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर वाट बघायचीच नाही, ताबडतोब हॉस्पिटल, मुलांचा श्वास मंदावू शकतो. कुत्र्याने चाटलं तरी तेच, व्हेट. म्हणून बाटली कुलपात ठेवा, मुलांना न उघडणारं झाकण असलं तरी कुलपातच.

घरी बनवायची कृती तुम्ही चौकटीत दिलीत ती मात्र कृपा करून पुन्हा छापू नका. गॅसवर स्पिरिट तापवायला सांगताय तुम्ही! अल्कोहोलची वाफ भडकते, आणि "स्पिरिट" वाचून कोणी हात पुसायचं आयसोप्रोपिल ओतलं तर ते पोटात जायच्या लायकीचं नाही. शिवाय घरी बनवलेल्यात मिलीग्रॅम किती हे कोणालाच कळत नाही, म्हणजे आपण परत १८३९ मध्ये.

तेव्हा एवढंच करा, पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत दुरुस्ती छापा: थेंब नाही मिलीग्रॅम, अर्धा तास नाही दोन तास, आणि पहिल्या दिवशी एकदाच. मी तेवढंच कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवणार आहे, तिथेच सिरिंज ठेवतो, तिच्यावरची ०.१ ची रेघ धुऊन धुऊन पुसली गेली होती म्हणून बायकोने लाल नेलपॉलिशने परत काढून दिलीय.

आपला,
एक नियमित वाचक