सर्व्हिसिंग सक्तीचं, मग दर झाकलेले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी शोरूमबाहेर भलेमोठे फलक लागले. स्पेअर पार्टवरचा करही त्याच दिवशी तेवढाच उतरला, पण त्याचा फलक काही कुठे दिसला नाही. गाडी माणूस दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतो, सर्व्हिसिंगला मात्र वर्षातून दोन-तीनदा जावंच लागतं. म्हणून शोरूमच्या मागच्या शेडविषयी चार शब्द लिहितो.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. घरी मुलाची 125 सीसी मोटरसायकल आहे. मध्यंतरी सर्व्हिसिंगला तीच घेऊन गेलो. गावातून चालवत नेलेली गाडी, इंजिन इतकं तापलेलं की हात लावायची सोय नव्हती. तासाभरात धुऊनबिऊन बाहेर आली आणि बिलात एक ओळ होती, ‘टॅपेट सेटिंग’, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट जुळवणं. टॅपेट इंजिन थंड असताना, टायमिंगची खूण जुळवून, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचे असतात, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. मी वाकून टॅपेट कव्हर बघितलं. कव्हरच्या कडेला आणि बोल्टाच्या भोवती तेल-धुळीचा काळा थर बसलेला, धुऊनही न निघालेला, जसाच्या तसा. पाना लागला असता तर तो तिथं राहिलाच नसता. सर्व्हिस अॅडव्हायझरला विचारलं तर म्हणाला, “काका, ते सिस्टीममध्ये तसंच येतं.”

सिस्टीममध्ये आणखी बरंच काही येत होतं. एअर फिल्टर क्लीनिंगचे पैसे लावले होते. आता बऱ्याच गाड्यांना तेलकट कागदाचा फिल्टर येतो. त्याला हवा मारायचीच नसते, ठरल्या किलोमीटरला बदलायचा असतो. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत तसं स्वच्छ छापलंय. मग साफ काय केलं? बॅरलमधून बंदुकीनं सोडलेलं इंजिन ऑइल बिलात 1 लिटर, पुस्तिकेत 800 मिली. उरलेलं 200 मिली कुठं गेलं ते विचारलं नाही, मागं गिऱ्हाइकांची रांग होती. त्याशिवाय इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग आणि ‘कन्झ्युमेबल्स’. या शेवटच्या शब्दात चिंधीपासून ग्रीसपर्यंत काहीही मावतं. फ्लश आणि टेफ्लॉनचा पुस्तिकेतल्या तक्त्यात पत्ता नाही. गाडी आत देताना कोणी विचारलंही नव्हतं.

बाहेरच्या गॅरेजला जा, असं कोणी म्हणेल. जातोच की, चेनला तेल द्यायला आणि ब्रेक आवळायला. पण वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत केंद्राची सर्व्हिसिंग चुकली तर दावा नाकारता येतो, हे वॉरंटीच्या कागदावरच असतं. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-6 मानक आलं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लागतो आणि तो चौकातल्या मिस्त्रीकडे बहुधा नसतो. म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलंच. माझं म्हणणं एवढंच, की जिथं जाणं भागच आहे तिथं तरी दर झाकून ठेवू नयेत.

शेडमधल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांच्या पगारात आणि गाड्यांच्या रेट्यात टॅपेट थंड व्हायची वाट कोण बघणार? एसटीत डॉकिंगला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या देखभालीला, घेतलेल्या गाडीचं काम कोणी केलं, त्याची सही असायची. बिघडली तर त्याला बोलावलं जायचं. इथं जॉबकार्डावर सही फक्त गिऱ्हाइकाची.

स्पर्धा आयोगानं 2014 साली 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण चारचाकींचं, पुढं अपिलांत गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण गावातल्या माणसाला पोर्टल नको, भिंतीवर फलक हवा. कितव्या किलोमीटरला काय तपासायचं, काय बदलायचं, मजुरी किती, हे मराठीत, काउंटरच्या वर. अंदाजपत्रकावर सही घेतल्याशिवाय जादा काम नको. बदललेला पार्ट पिशवीत घालून हातात द्यावा. मी जुना स्पार्क प्लग मागितला तर पोरगं भंगाराच्या डब्यात हात घालून एक काढून आलं. तो आमच्या गाडीचा नव्हताच, त्याचे आटेही वेगळे होते.

वाचकांनी एवढं करावं: सीटखालची पुस्तिका काढून तक्त्याचं पान मोबाईलमध्ये काढून ठेवावं आणि बिल त्याच्याशी लावून बघावं. पार्टच्या पाकिटावरची एमआरपी सर्व करांसह असते, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावला असेल तर तिथंच बोलावं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणि वैधमापन शास्त्र विभागाला विनंती, पेट्रोल पंपाचं माप तपासता तसं या ऑइलच्या बंदुकांचंही एकदा तपासा. कळवून मात्र जाऊ नका.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, जि. सांगली