टोपल्या काढू नका, खेळाची दिशा बदला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वसाहतीतल्या बगीच्यात डिस्क गोल्फच्या, म्हणजे तबकडी फेकून खेळायच्या खेळाच्या, ज्या नऊ टोपल्या बसवल्या आहेत त्या उखडून टाकाव्यात, अशी मागणी करणारं पत्र आपल्या स्तंभात वाचलं. पत्रलेखक काकांच्या खांद्याला तबकडी लागली हे खरं आहे. मी तेव्हा बगीच्यातच होते. त्यांचा राग अगदी रास्त आहे, आणि खेळणाऱ्यांपैकी कोणी त्यांना "तुम्हीच बघून चालायला हवं होतं" असं म्हणालं असेल तर ते चूक आहे. बगीच्यात चालणाऱ्याचा हक्क पहिला. तरीही टोपल्या काढायच्या मागणीला माझा विरोध आहे, कारण तबकडी त्यांना का लागली ते मला दिसतं आहे आणि ते थोड्या खर्चात दुरुस्त करता येतं.

मी इंदूरच्या शाळांमधून आयुष्यभर खेळ शिकवले. खो-खोचं 27 बाय 16 मीटरचं मैदान चुन्याने आखत माझी उमर गेली, त्यामुळे कुठलंही मैदान दिसलं की आधी त्याच्या रेषा बघायची सवय आहे. हा बगीचाही मी टेप घेऊन मोजला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, तबकडी फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत ती जाऊन पडली की ते होल, म्हणजे टी ते टोपली हा टप्पा, पूर्ण. कमीत कमी फेकींत सगळी होल संपवणारा जिंकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स मांडला. सुरुवातीला खांबाला तबकडी लागली की होल झालं असं धरत, आणि मग लागली की नाही यावरून वाद होत. हेड्रिक यांनीच पुढे साखळ्यांची टोपली तयार केली आणि ते भांडण मिटलं. सांगायचं कारण एवढंच की हा खेळ सार्वजनिक बागेतच वाढला आहे, झाडांमध्ये, फिरायला आणि डबे घेऊन आलेल्या माणसांच्या शेजारी. बागेत तो कसा मांडायचा याचा पन्नास वर्षांचा अनुभव जगात तयार आहे. आपल्याकडे टोपल्या बसवताना तो कोणी विचारात घेतला नाही.

आता आमचा बगीचा. पूर्व-पश्चिम लांब, कडेने सगळीकडे फरशीचा चालायचा रस्ता, गेट आग्नेय कोपऱ्यात. गेटपासून निघून दक्षिणेच्या कडेने पश्चिमेला, मग उत्तरेला वळून, परत पूर्वेकडे, अशी प्रदक्षिणेच्या दिशेने होल मांडली आहेत आणि सगळी चालण्याच्या रस्त्याला चिकटून आहेत. म्हणजे प्रत्येक होलवर खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला फरशी येते. सगळा घोळ इथे आहे. उजव्या हाताने, हात छातीजवळून बाहेर सोडत फेकलेली तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि वेग कमी झाला की शेवटी डावीकडे झुकते. फेकणारा नवखा असो की तयार, हा तबकडीचा स्वभाव आहे. आमची बहुतेक मुलं उजव्या हाताची आणि अशीच फेकणारी. तेव्हा चुकलेली प्रत्येक फेक जाऊन पडणार कुठे, तर फरशीवर.

त्यात तिसऱ्या होलवर मध्येच जुनी चिंच आहे. मुलं तबकडी चिंचेच्या उजवीकडून काढतात, ती चिंचेला वळसा घेऊन डावीकडे येते आणि टोपली चुकली की थेट रस्त्यावर. काकांना लागली ती इथेच. आणि ती पाठीमागून लागली, हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ सगळे याच प्रदक्षिणेच्या दिशेने चालतात. म्हणजे चालणाऱ्यांची पाठ नेहमी फेकणाऱ्याकडे. त्यांना तबकडी येताना दिसूच शकत नाही, आणि "बाजूला व्हा" अशी आरोळी ऐकून माणूस वळेपर्यंत उशीर झालेला असतो.

माझी पहिली मागणी म्हणून हीच की सगळा कोर्स उलटा फिरवावा. जिथे आज तिसरी टोपली आहे तिच्या शेजारून दुसऱ्या टोपलीकडे फेकायचं, तिथून पहिलीकडे, असं. फरशी उजव्या हाताला येईल आणि तबकडी शेवटी आत हिरवळीकडे झुकेल. शिवाय चालणारे आणि खेळणारे समोरासमोर येतील, एकमेकांना लांबूनच बघतील. एका टोपलीच्या जवळच पुढच्या होलची टी असल्यामुळे बहुतेक टोपल्यांना हातही लावावा लागत नाही, नुसते आकडे बदलायचे. डावखुरी मुलं आणि हाताच्या झटक्याने उलट्या बाजूने फेकणारे यांची तबकडी उजवीकडे झुकते हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी म्हणून टी फरशीपासून किमान 12 ते 15 मीटर आत घ्याव्यात. जागा आहे, मी मोजली आहे.

उत्तरेच्या कडेला मात्र नुसती दिशा उलटी करून भागणार नाही. तिथे मग पश्चिमेकडे फेकावं लागेल, आणि मे-जूनमध्ये माळव्यात संध्याकाळचा पश्चिमेचा वारा कसा असतो ते इथल्या कोणालाही सांगायला नको. समोरून वारा लागला की हलकी, सपाट फेकलेली तबकडी उलट उजवीकडे कलते, म्हणजे पुन्हा फरशीकडे. म्हणून त्या बाजूची होल 40-45 मीटरपेक्षा लांब ठेवू नयेत आणि तिथे फक्त बोथट कडेच्या तबकड्या, ज्यांना पटर म्हणतात, त्याच वापरायचा नियम करावा. लांब जाणाऱ्या ड्रायव्हर तबकडीची कड धारदार असते. साधारण 21 सेंटीमीटर व्यासात 170 ग्रॅमच्या आसपास वजन, ती खांद्याला लागणं आणि समुद्रकिनाऱ्यावरची प्लास्टिकची थाळी लागणं यात फार फरक आहे. माझ्या मते आमच्या बगीच्यात ड्रायव्हर मुळीच नको.

नववं होल बंदच करावं. ते झोपाळ्यांना लागून जातं आणि टेपने 105 मीटर भरतं. आमची मुलं 40-50 मीटर फेकतात, त्यांना तिथे तीन-चार फेकी लागतात आणि तेवढा वेळ लहान पोरं त्या पट्ट्यातून इकडून तिकडे पळत असतात. आठ होलचा कोर्स राहिला तर काही बिघडत नाही. ईशान्येच्या कोपऱ्यातली टोपली सरावाला ठेवून तिथून खेळ सुरू करावा आणि गेटजवळच्या टोपलीत संपवावा.

दोन टोपल्या हलवायला हव्यात. एक वायव्येच्या नाल्याजवळची. उताराच्या तोंडाशी ती बसवली आहे, साखळीला न लागलेली तबकडी कडेवर उभी राहते आणि घरंगळत नाल्यात जाते. मुलं त्या घाणीत उतरतात, हे मला मुळीच बघवत नाही. दुसरी ओपन जिमच्या अगदी शेजारची. टोपलीभोवती 10 मीटरच्या वर्तुळात बाक, रस्ता, व्यायामाचं यंत्र काही असू नये. या खेळात त्या 10 मीटरला तसंही खास महत्त्व आहे. वर्तुळाच्या आतून फेकताना तबकडी पडलेल्या जागेच्या मागे उभं राहायचं आणि फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. हा नियम मला फार आवडतो. पायावर ताबा नसलेलं मूल तिथे लगेच कळतं. टोपल्या जमिनीत पुरलेल्या पाइपात बसवून कुलूप लावलेल्या आहेत, त्यामुळे हलवणं म्हणजे नवा पाइप पुरणं, एवढंच काम.

टींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खेळण्याची सगळी मजा त्यांनी घालवली आहे. आज टी म्हणून पेव्हर ब्लॉकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा आहे. फेकणाऱ्याला तीन पावलं धावत यावं लागतं, ती धाव मातीतून घेऊन शेवटचं पाऊल फरशीच्या कडेवर पडतं. घोट्यासाठी याहून वाईट रचना मी पाहिलेली नाही. टी किमान 1.2 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब हवी. आता कोणी म्हणेल, काँक्रीट ओतून टाका. आमच्या काळ्या मातीवर सरळ ओतलेलं काँक्रीट टिकत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते, आणि वरचा थर तिच्याबरोबर वर-खाली होऊन तडकतो. आमच्या गल्लीतल्या घरांच्या ओट्यांवर हे सगळ्यांनी पाहिलं आहे. आधी माती काढून मुरूम भरावा, धुमसून घट्ट करावा, पाणी जायला थोडा उतार द्यावा आणि मगच खरखरीत काँक्रीट टाकावं. गुळगुळीत फरशी नको, श्रावणात त्यावर पाय ठरणार नाही.

झाडांचंही बघावं. मोठ्या चिंचेला, कडुनिंबाला तबकडी लागून फारसं काही होत नाही, पण मागच्या पावसाळ्यात लावलेल्या करंजाच्या रोपांची साल जागोजाग सोलली गेली आहे. फेकीच्या वाटेत रोप असेल तर त्याला जाळीचं कुंपण घालावं. आणि पाऊस संपला की गाजरगवत वेळेवर काढावं, त्यात हरवलेली तबकडी शोधताना मुलांचे हात खाजून लाल होतात.

मी एवढं सगळं का लिहिते आहे, तर मुलींसाठी. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेलं हे शहर आहे, इथे खेळ म्हटलं की क्रिकेट, आणि मैदान म्हटलं की मुलगे. माझ्या हाताखाली खो-खोत सुंदर खांब घेणाऱ्या मुली आठवी-नववीत गेल्या की एकेक करून घरी बसायच्या. क्लास, घरकाम, संघाला नऊ जणी न जमणं, काहीही निमित्त पुरायचं. या खेळाला संघ लागत नाही, गणवेश लागत नाही, जिथे आई आणि आजी फिरायला येतात त्याच बगीच्यात तो होतो. संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे येणाऱ्यांत आज निम्म्या मुली आहेत. एक अकरावीतली मुलगी आईला बरोबर घेऊन येते, आता आईही खेळते, आणि चाळिशीतल्या त्या बाईंची टोपलीजवळची फेक मुलीपेक्षा अचूक आहे. टोपल्या काढल्या तर मुलगे दुसरीकडे खेळतील. या मुली दुसरीकडे जाणार नाहीत.

काकांना आणि फिरायला येणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की वेळ वाटून घेऊ. सकाळी आठपर्यंत कोणी खेळायचं नाही, मुलांनी हे माझ्याजवळ कबूल केलं आहे. संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत असेपर्यंत तबकडी हातातून सोडायची नाही. कोणाला लागेल अशी शंका असताना फेकायचंच नाही, हे या खेळाच्या नियमातच आहे, आणि ते गेटवर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहून लावावं. नियम मोडणाऱ्याची तबकडी महिनाभर माझ्याकडे जमा होईल.

बगीच्याच्या देखभालीची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक अभियंता पाठवावा. मी मापांचा कागद तयार ठेवला आहे आणि काकांनीही त्या वेळी बरोबर यावं, कारण चालणाऱ्याच्या नजरेतून अडचणीच्या जागा त्यांनाच जास्त कळतील. टींची खोदाई आणि मुरूम भरण्याचं काम मृग लागायच्या आत व्हायला हवं. एकदा पाऊस पडला की काळ्या मातीत फावडं चालत नाही, आणि मग थेट दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर