मंत्रीमहोदय, टाके कुठवर गेले ते तरी कार्डावर लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बाळंतपणात होणारी जखम, तिची न होणारी नोंद आणि कुलूप लावलेली बुधवारची ओपीडी

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कामाचा व्याप मोठा आहे, त्यात माझं पत्र म्हणजे आणखी एक कागद, याची जाणीव आहे. तरी वाचावं ही विनंती. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. एक मुलगी आहे आणि आता दुसऱ्यांदा आठवा महिना लागलाय. पत्राला कारण घडलं ते गेल्या बुधवारी.

मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर जो त्रास उरला, त्याबद्दल मी ते बाळंतपण झालेल्या सरकारी प्रसूतिगृहाकडे रीतसर अर्ज केला होता. उत्तरही रीतसर आलं. बाळंतपण झालेल्या स्त्रियांसाठी फिजिओथेरपीची ओपीडी दर बुधवारी सुरू करण्यात येत आहे, तरी आपण लाभ घ्यावा. शिक्का, जावक क्रमांक, सगळं यथासांग. त्या भरवशावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. जिन्याशेजारी दार सापडलं, दारावर सेलोटेपने चिकटवलेला कागदही सापडला, 'फिजिओथेरपी – बुधवार'. दाराला कुलूप. मावशींना माझी दया आली, त्यांनी किल्ली आणून उघडून दाखवलं. आत एक चाक तुटलेली व्हीलचेअर, पल्स पोलिओचे गुंडाळलेले बॅनर, ट्यूबलाइटची खोकी, आणि पेशंटला झोपवायच्या टेबलावर जुन्या रजिस्टरांची चळत. "मॅडम येणार होत्या, पण त्यांची ऑर्डरच निघाली नाही," मावशी म्हणाल्या.

मग खाली ओपीडीत. लांबलचक रांगेनंतर नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांवर रात्रपाळी दिसत होती. मी विचारलं, मागच्या वेळी मला खाली बरंच फाटलं होतं, ते नक्की कुठवर, या वेळी पुन्हा तसं व्हायची शक्यता किती, आणि ते टाळायला काय करता येईल. त्यांनी जुनं कार्ड मागितलं. कार्डावर आहे, 'एफटीएनडी, आरएमएलई, फीमेल बेबी', खाली वेळ आणि वजन. म्हणजे पूर्ण दिवसांचं नॉर्मल बाळंतपण, उजवीकडे तिरकी चीर, मुलगी. चीर पुढे आणखी फाटली का, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोचली का, शिवली कुणी, किती थरांत, याचं एक अक्षर नाही. बाळाचं वजन मात्र ग्रॅमपर्यंत. डॉक्टरांनी कार्ड परत दिलं आणि म्हणाले, "टाके सगळ्यांनाच पडतात, ताई. गूगल कमी करा, बीपी वाढेल."

बीपी वाढलं, हे त्यांचं खरं ठरलं.

टाके सगळ्यांना पडतात हे मला माहीत आहे, महोदय. पहिलटकरणींत दहातल्या नऊ जणींना काही ना काही फाटतं, खरचटतं, नाहीतर चीर द्यावी लागते, असा इंग्लंडातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा आकडा आहे. बहुतेकींचं ते कातडीपुरतं किंवा आतल्या स्नायूपर्यंत असतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. त्याची भीती वाटायचं कारण नाही, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या खेपेला मी निम्मी घाबरले असते. पण तिथल्याच हिशेबाने पहिलटकरणींत शंभरातल्या सहा जणींची फाट मागे, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाते. मी त्या सहांतली. आणि हे मला दवाखान्याने सांगितलं नाही. मुलगी रांगायला लागल्यावर एका खासगी तज्ज्ञांनी तपासलं, आतून सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर जुनी फाट दिसली. फी माझी, रजा माझी, फाट तर माझीच.

तोवर काय चाललं होतं ते लिहिते, कारण तुमच्या खात्याच्या कुठल्याच रकान्यात ते बसत नाही. वारा धरता येत नव्हता. संडासची भावना झाली की झालीच, थांबणं नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायची. पीएमटीने निघायचं तर वाटेत कुठे शौचालय आहे आणि त्यातलं कुठलं उघडं असतं, याचा नकाशा आधी डोक्यात. हळदीकुंकवाला बायका खाली बसायच्या, मी उभ्याउभ्या वाण घेऊन पळायची, आणि 'नोकरी करते ना, शिष्ट आहे' हे मागून ऐकायची. आई डिंकाचे लाडू भरवत होती, सासूबाई शेक-धुरीचं बघत होत्या, दोघी मायेनेच. पण टाक्यांवर जोर येईल या धास्तीने मी जेवणच टाळतेय, हे त्या दोघींना सांगायला माझी जीभ रेटली नाही. पोट साफ ठेवायचं साधं पातळ औषध, तेही कुणी लिहून दिलं नव्हतं. लघवी करताना आग होते तर वरून कोमट पाणी ओतत राहायचं, हे शेजारच्या कॉटवरच्या बाईने सांगितलं. नवरा समजून घेत होता. काय समजून घ्यायचंय हे मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्रीचंही सांगते. कळांच्या शेवटी एका सिस्टरने पोटावरून कोपराने दाबलं. दुसरीने चीर दिली. विचारणं सोडाच, आता चीर देते एवढंही सांगितलं नाही. भुलीचं इंजेक्शन चढायच्या आत सुई फिरायला लागली. ओरडले तर, "तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला?" हे वाक्य, महोदय, महाराष्ट्रातल्या कित्येक बायकांना पाठ आहे, कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसताना. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाचं एक माणूस थांबू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगून ठेवलंय. माझी आई रात्रभर बाहेर बाकड्यावर होती. बाकड्याच्या वर भिंतीवर पाटी, 'सन्मानपूर्वक मातृत्व सेवा हा आपला हक्क आहे'. पुण्यात पाट्यांना तोटा कधीच नव्हता. पण दुकानदार 'दुपारी १ ते ४ बंद' लिहितो आणि १ ते ४ बंद ठेवतो. त्याच्याइतका प्रामाणिकपणा सरकारी पाटीत असावा, एवढीच अपेक्षा.

दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बदली त्या मावशींची होईल.

आता मी माझं मीच शोधलं. चौतीस-पस्तीस आठवड्यांपासून स्वच्छ हातांनी साधं तेल घेऊन तिथे आतून खाली आणि बाजूला हळूहळू ताणत मालीश करतात. पहिलटकरणींत त्याने टाके लागायचं प्रमाण दहाएक टक्क्यांनी कमी होतं. दुसरटकरणीला फाटण्यात फारसा फरक पडत नाही, पण नंतरचं दुखणं कमी राहतं. म्हणून मी करते. बाळाचं डोकं दिसायला लागलं की कोमट पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरून ठेवलं तर मागेपर्यंत जाणारी मोठी फाट जवळजवळ निम्म्याने टळते. फडकं, महोदय. त्याला टेंडर लागतं का? डोकं बाहेर येताना बाईने जोर थांबवून फू-फू करत श्वास सोडायचा, सिस्टरने हाताचा आधार देऊन डोकं सावकाश येऊ द्यायचं, जमेल तिला कुशीवर राहू द्यायचं. सरसकट चीर देऊ नका आणि पोटावरून दाबू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. चीर लागतेच कधी कधी, बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होत असतील तर द्यावीच. मी आडमुठी नाही. विचारून द्या, म्हणते.

खासगी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, एकदा मागेपर्यंत फाटलेल्या बाईला पुढच्या नॉर्मल बाळंतपणात पुन्हा तसं व्हायची शक्यता शंभरात पाच ते सात. तुम्हाला आत्ता किती त्रास उरलाय ते बघू, सिझरचाही विचार करू, दोन्हींतले धोके हे असे, ठरवा तुम्ही. त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मला सलग झोप लागली. म्हणजे भीती घालवायला लाखाचं यंत्र लागलं नाही. एक खुर्ची, दहा मिनिटं आणि खरं बोलणारं माणूस पुरलं. तुमच्या ओपीडीत ती खुर्ची रजिस्टरांनी अडवली आहे.

पैसे टाकले की सुटका होते असंही समजू नका. माझ्या जाऊबाईंचं बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात, पॅकेज घेऊन, एसी रूममध्ये झालं. चीर तशीच, न विचारता. बिलात मात्र तिची वेगळी ओळ होती. निदान तिथे नोंद तरी झाली म्हणायची.

तुम्ही आकड्यांवर फार खूश असता म्हणून आकड्यांचंच बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. टाळ्या. त्यातली पंचवीसेक सिझरची, तीही मोजलीत. उरलेल्या सत्तर जणींतल्या कितींना चीर दिली, कितींना मागेपर्यंत फाटलं, कितींना वर्षभराने वारा धरता येत नाही, हा आकडा कुठल्या पानावर आहे ते दाखवा. बाईला दवाखान्यापर्यंत आणायला २००५ मध्ये जननी सुरक्षा आली, फुकट औषधं आणि गाडी द्यायला २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा आली, प्रसूतिकक्ष सुधारायला २०१७ ला 'लक्ष्य', सन्मानाची हमी द्यायला २०१९ ला 'सुमन'. योजनांची नावं इतकी गोड की बारशाला पुरतील. टेबलावर बाईचं काय झालं हे लिहायला एक ओळ मात्र कुणाला सुचली नाही. ती जिवंत घरी गेली ना, मग यशस्वी.

भाषणात सावित्रीबाईंचं नाव हमखास येतं. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, जिथे कुणी दारात उभं करणार नाही अशा बायकांना निर्धास्त बाळंत होता यावं म्हणून. त्या बायकांना तिथे काय ऐकावं लागत नव्हतं, याचा तुमच्या प्रसूतिकक्षांनी थोडा अभ्यास करावा. आणि लाडक्या बहिणीच्या खात्यावर दरमहा १५०० रुपये येतात, त्याबद्दल भाऊरायांचे आभार. त्याच बहिणीला कापण्याआधी विचारावं, शिवल्यावर सांगावं, याला तर एक रुपयाही लागत नाही.

तक्रार करावी तर कुणाकडे, हेही एकदा जाहीर करा. पुण्यात महापालिकेचा दवाखाना असेल तर महापालिका बघणार, ससून असेल तर वैद्यकीय शिक्षण खातं, औंधचं जिल्हा रुग्णालय असेल तर तुम्ही. बाई मेली तर चौकशी समिती नेमायला सगळे धावतात. जगली आणि गळत राहिली तर ती तिन्ही खात्यांच्या मधल्या फटीत पडते. रात्रपाळीला एक सिस्टर आणि टेबलं तीन, अशा अवस्थेत कोमट फडकं धरायला हात कुठून येणार? त्या सिस्टरवर माझा राग नाही. ती कंत्राटावर, तिच्या वरची जागा रिकामी, त्याच्या वरचा चार्ज दुसऱ्याकडे. खास शिकलेल्या सुईणी-परिचारिका तयार करायच्या, अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम द्यायचा, हे केंद्राने २०१८ मध्ये ठरवलंय. आमच्या प्रसूतिगृहात मी अजून एक पाहिली नाही.

माझं मागणं एवढंच. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा, फाट किती अंशाची, पहिल्या (कातडीपुरती) ते चौथ्या (गुदद्वाराच्या आतल्या अस्तरापर्यंत) यांपैकी कुठली, शिवली कुणी. शिवायच्या आधी मागून बोट घालून स्नायू शाबूत आहे का बघणं सक्तीचं करा, त्याला एक मिनिट लागतं आणि ते चुकलं तर माझ्यासारखीची वर्षं जातात. आशाताई बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येतात, बेचाळीसाव्या दिवसापर्यंत. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. त्यांच्या तक्त्यात बाईसाठी एक प्रश्न घाला, 'वारा, संडास, लघवी धरता येते का?' विचारायला त्या लाजणार नाहीत, त्यांनी याहून अवघड प्रश्न विचारलेत. आणि त्या बुधवारच्या खोलीतली रजिस्टरं हलवून तिथे कुणीतरी बसवा. तोवर दारावरचा कागद काढा, माझ्यामागून आणखी कुणी अर्धी रजा वाया घालवायला नको.

या पत्राला उत्तर द्यायचं झालं तर खाली सही कुणाची आहे ते नावानिशी लिहा. 'आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' एवढंच असेल तर ते माझ्याकडे आधीचं आहे, दुसरी प्रत नको.

आपली,
एक नागरिक
सिंहगड रस्ता, पुणे
(नाव व पत्ता मूळ पत्रावर)