मण्यांच्या माळेवर खरं नाव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घरच्या घरी दागिने करण्यावर लेख येऊ लागतात. मी ते कात्रीने कापून वहीत चिकटवून ठेवतो. तार कशी वळवायची, पाकळी कशी बांधायची हे त्यांत छान सांगितलेलं असतं. पण आपण जो मणी ओवतो आहोत तो खडा आहे की काच, त्याचा रंग स्वतःचा आहे की चढवलेला, याबद्दल त्यांत मला एक ओळही सापडली नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी काळाचौकीला राहतो. १९८१ साली परळच्या एका दुकानात वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत तार गुंडाळून भरायच्या कामाला लागलो आणि दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षं, पंखे आणि पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरल्या. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर घर माझ्याच पगारावर चाललं. माझी पत्नी गिरगावातल्या एका सराफाला नथी गुंफून द्यायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक मोत्याचं भोक तिला नीट दिसेना, म्हणून ती सांगायची आणि मी ओवायचो. तिथून मला या कामाची गोडी लागली. नथी सुटल्या, पण तार आणि खड्यांची फुलं आम्ही दोघं आजही करतो. कानातली, अंबाड्यात खोचायची, बाळाच्या टोपीवर लावायची. गेल्या सहा वर्षांत किती केली ते मोजलेलं नाही.

या कामात किती बारकावा आहे ते बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. नेहमीची मोत्याची कुडी हातात घेऊन बघा. मधे एक मोती, भोवती सहा. सातही एकाच मापाचे असले तर ते एकमेकांना टेकून घट्ट बसतात, फट राहत नाही. आपल्या जुन्या कारागिरांना हे हाताने ठाऊक होतं. पण सदाफुलीसारखं पाच पाकळ्यांचं फूल करायचं तर मधला मणी लहान लागतो. पाकळ्या ६ मिलिमीटरच्या असतील तर मधे ४ चा. आठ पाकळ्यांना उलट, पाकळ्या ४ च्या आणि मधला ६ चा. हे हिशेब मला कोणी शिकवले नाहीत. फूल हातात डगमगायला लागलं की मणी बदलून बघायचो.

तारेचं मात्र मला आधीपासून कळत होतं. तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. ४ मिलिमीटरच्या खड्यातून तार दोनदा न्यायची असते, त्याला २८ नंबर चालते. मोत्याचं भोक त्याहून बारीक, तिथे ३२ नंबर. मोठी पाकळी हवी असेल तर २० नंबरची तार पाकळीच्या आकारात वाकवून सांगाडा करायचा आणि बारीक तारेने त्यावर मण्यांच्या ओळी बांधायच्या. शेवटचा पीळ तीन वेढ्यांचा, फार तर चार. जास्त पिळलं की तांबं ताठरतं आणि तुटतं, आणि तेही नेमकं फुलाच्या गळ्याशी. टोक मागे दुमडून पकडीने चेपायचं, नाहीतर केसात अडकतं, साडीचा धागा ओढतं. वाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं म्हणून ती काळी पडत नाही. कापलेलं टोक तेवढं उघडं राहतं आणि घामाने हिरवं होतं. त्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका देतो. अंबाड्यातलं एक फूल नीट करायला मला पाऊण तास लागतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या श्रावणात आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीची पहिली मंगळागौर होती. तिची साडी मोतिया रंगाची, तिला अंबाड्यावर पिरोजी फुलं हवी होती. मी बाजारातून पिरोजाच्या दोन माळा आणल्या, १८० रुपयांना एक. "अस्सल आहे ना?" असं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "एकदम अस्सल." १६ इंची माळेत ४ मिलिमीटरचे शंभरेक मणी येतात. त्यातून पाच फुलं झाली, प्रत्येकाच्या मधे मोती. सुंदर दिसत होती. पत्नीने ती चष्मा लावून एक एक करून तपासली.

रात्री फुगड्या झाल्या, झिम्मा झाला. पोरी घामाने निथळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "काका, पाठीवर निळं उतरलंय." ब्लाउजच्या गळ्यापासून खाली निळे ओघळ होते, साडीच्या पदरावरही दोन डाग. ती एका शब्दाने रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. साडी ड्रायक्लीनला मी दिली, पैसेही मीच भरले. ब्लाउजचा डाग गेला. पदरावरचा फिका झाला, पण आहे.

उरलेल्या माळेतला एक मणी घेतला आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसला. कापूस निळा. दुसरा मणी पकडीने फोडला, तर आत पांढराशुभ्र, खडूसारखा. निळा रंग फक्त वरच्या थरात आणि भोकाच्या कडेला साचलेला. पुढे वाचून समजलं की हा हाउलाइट नावाचा खडा असावा. १८६८ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात हेन्री हाउ यांनी तो ओळखला, त्यांचंच नाव त्याला मिळालं. मुळात तो पांढरा, अंगावर करड्या रेघा, आणि सच्छिद्र असल्यामुळे रंग पितो. रेघा पिरोजाच्या जाळीसारख्या दिसतात, त्यामुळे डोळा सहज फसतो. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो साडेतीनच्या आसपास, पिरोजा पाच ते सहा. ब्लेडने खरवडला तर भुकटी निघते.

मी दुकानात परत गेलो. दुकानदाराने पैसे देऊ केले, भांडला नाही. म्हणाला, "काका, असं कोणी विचारतच नाही. सगळीकडे हाच माल पिरोजा म्हणून जातो." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्यालाही वरून त्याच नावाने आला असेल.

हे ऐकताना मला माझं दुकान आठवलं. ॲल्युमिनियमच्या वाइंडिंग तारेवर वार्निश चढलं की ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते. काही लोक तांब्याचे पैसे घेऊन मोटारीत ती भरतात. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वाहते. तेवढ्याच जाडीची तार भरली तर मोटार तापते आणि पहिल्याच उन्हाळ्यात जळते. आमच्या मालकांनी मला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती. नवं रीळ आलं की टोक ब्लेडने खरवडायचं. लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर परत. अडतीस वर्षं मी प्रत्येक रीळ खरवडलं. मण्याची माळ मात्र खरवडली नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी त्या मुलीच्या आईवडिलांकडे जाऊन कबूल केली.

रंगवलेले खडे विकू नयेत असं माझं म्हणणं नाही. खड्यावर संस्कार करणं आपल्याकडे फार जुनं आहे. गुजरातेत खंभातला अकीक नावाचा खडा भट्टीत भाजून लाल करतात. पण तो लाल रंग दगडातल्याच लोखंडाचा, विस्तवाने बाहेर आलेला. तो घामाने जात नाही, पाण्याने जात नाही. वरून पाजलेल्या रंगाची तशी खात्री नाही. आणि काचेत तर काहीच कमी नाही. काचेच्या मण्यांची फुलं मी आनंदाने करतो. फक्त दुधी निळसर काच 'चंद्रकांत' खडा म्हणून विकू नये, तिला ओपलाइट म्हणतात आणि ती माणसाने बनवलेली असते. तांब्याच्या चकचकीत कणांची तपकिरी काच 'सनस्टोन' खडा म्हणून विकू नये. आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या खडकाच्या पोटात जांभळे स्फटिक आणि गारगोट्या सापडतात, आणि आपल्याच माणसाला खरा जांभळा स्फटिक आणि जांभळी काच यांतला फरक माहीत नसावा, याचं मला वाईट वाटतं.

सोन्याला १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पूर्वी हेही कोणाला शक्य वाटत नव्हतं. खोटं वर्णन करून माल विकणं ही अनुचित प्रथा आहे, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही म्हणतो. पण १८० रुपयांच्या माळेसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार? म्हणून माझी मागणी लहान आहे. माळेला किंमतीची चिठ्ठी असतेच. तिच्यावरच खड्याचं खरं नाव आणि 'रंगवलेला', 'काच' यांपैकी लागू असेल तो शब्द लिहावा. भुलेश्वर आणि मालाडच्या व्यापारी मंडळींनी मनावर घेतलं तर ठोक मालापासूनच हे सुरू होईल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आपल्या शहरात काम करते आहे. तिने हा विषय हाती घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वेळी पुरवणीत असा लेख घ्याल तेव्हा ही चाचणी जरूर छापा. माळेच्या टोकाचा एकच मणी नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसायचा. कापसाला रंग लागला तर तो रंगवलेला आहे हे नक्की. नाही लागला तरी एक रात्र मिठाच्या पाण्यात पांढऱ्या चिंधीवर ठेवून बघायचा. मोत्यावर मात्र नेलपॉलिश काढायचं पाणी लावू नये, त्याची झळाळी जाते. चाळीचाळींत आणि वस्त्यांत कितीतरी बायका नगावर पैसे घेऊन अशी फुलं बांधतात. डाग पडला की बोलणी त्यांनाच बसतात, माळ विकणाऱ्याला नाही.

त्या मुलीला मी यंदा पाच फुलं नव्याने करून देणार आहे. परवा तिला बोलावून दोन वाट्या पुढे ठेवल्या. एकीत जांभळा स्फटिक, दुसरीत निळी काच. कोणतं काय ते सांगितलं, किंमतीही सांगितल्या. तिने काच घेतली, निळीच. मधला मोतीसुद्धा काचेचा आहे, हे मी डबीच्या चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.

आपला,
एक निवृत्त वाइंडर,
काळाचौकी, मुंबई