आधी शाफ्ट, मग हेड

डंडी, स्कॉटलंड

चि. सौमित्र यास मामाचे अनेक आशीर्वाद.

देवळालीच्या जुन्या गोल्फ सेटचे फोटो मिळाले. सगळे फोटो हेडचेच, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाचेच आहेत. हेडवरच्या नावाची भुरळ पडतेच, पण जुना सेट घ्यायचा की नाही हे शाफ्टवरून, म्हणजे काठीच्या लांब नळीवरून ठरवायचं. हेडवर ओरखडे असले तरी ते वर्षानुवर्षं चालतं. शाफ्ट खराब निघाला किंवा तुझ्या हाताला बसला नाही, तर तो बदलण्याच्या खर्चात स्वस्ताई संपते.

जाताना खिशात लोहचुंबक, मोजपट्टी आणि एक कोरा कागद ने. काळा रंग दिलेला स्टीलचा शाफ्ट ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या शाफ्टसारखाच दिसतो. चुंबक ग्रॅफाइटला चिकटत नाही. मग सगळ्या आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या नंबरवार काठ्यांच्या शाफ्टवरची लेबलं वाच. नाव आणि कडकपणाचं अक्षर सगळीकडे एकच हवं. एखादं वेगळं असेल तर तो शाफ्ट मधेच कधीतरी बदललाय. सगळ्या आयर्न ओळीत ठेवल्यावर नंबर वाढेल तशी लांबी साधारण अर्ध्या अर्ध्या इंचाने कमी होत जायला हवी. सात नंबर ३७ इंचांच्या आसपास असते. कोणी ग्रिपकडून, म्हणजे मुठीकडून इंचभर कापली असेल तर हेड हलकं लागतं आणि शाफ्ट थोडा कडक होतो.

लेबलवरच्या अक्षरांत 'ए' मऊ, 'आर' मध्यम, 'एस' कडक, 'एक्स' फार कडक. याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही, त्यामुळे एकीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका कडक असू शकतो. म्हणून मारून बघच. सात नंबरने चेंडू हवेतून १४०-१५० यार्ड जात असेल तर ढोबळमानाने 'आर' पुरे. शाफ्ट फार कडक असेल तर चेंडू खालून जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बहुधा उजवीकडे राहतो. फार मऊ असेल तर उंच उडून डावीकडे वळतो. वजनही विचार: ट्रू टेंपर कंपनीचा डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा स्टीलचा शाफ्ट सुमारे १३० ग्रॅमचा आहे. शिकणाऱ्याला तो शेवटच्या चार होलना हातात जड होतो. तू १०० ग्रॅमच्या आसपासचा स्टील बघ.

आता खरी तपासणी. नाशिकच्या पावसाळ्यात ओली बॅग तशीच कोपऱ्यात राहते आणि स्टीलची नळी आतून गंजते, वरून चकाकत असली तरी. ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं. ते टोक कागदावर हलकेच आपट. तांबूस भुकटी पडली तर ती काठी सोडून दे. मग एका डोळ्याने नळीच्या रेषेत बघ. किंचितही वाक असेल तर नको. सरळ करून मिळते, पण वाकली होती तिथेच पुढे तुटते.

ग्रॅफाइटला हेडच्या लगत वर जपून बघ. बॅगेच्या कडेवर घासून तिथेच चर पडतो. वरचा रंग गेला तर चालतं. नख अडकलं किंवा आतले धागे दिसले तर काठी घेऊ नकोस. हलकेच वाकवून कानाशी धर. करकर ऐकू आली की आत चीर आहे.

नंतर ग्रिप गुडघ्यांत घट्ट धरून हेड दोन्ही हातांनी पिळ. कट् असा आवाज आला, किंवा हेडच्या वरची काळी प्लास्टिकची कडी, म्हणजे फेरूल, वर सरकलेली दिसली, तर हेड चिकटवणारा आतला गोंद, म्हणजे एपॉक्सी, सुटत आलाय. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत बॅग ठेवली की हे होतं, कारण उष्णतेने एपॉक्सी मऊ पडतो. कारागीर हेड काढतात तेही तापवूनच. फक्त हेच असेल तर घाबरू नकोस. जुना एपॉक्सी खरवडून नवा लावायचा, दिवसभर सुकू द्यायचं. किंमत मात्र तेवढी कमी करून घे. सेट घेतलास तर बॅग डिकीत ठेवायची नाही, घरात ठेवायची.

ग्रिप कडक झाल्या असतील तर काळजी नको, त्या सहज बदलतात. वेजच्या, म्हणजे जवळून चेंडू उंच उचलायच्या काठीच्या, हेडवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर तेवढी वेज नवी घे. १४ काठ्यांचा सेट हवाच असंही नाही, १४ ही नियमाची कमाल मर्यादा आहे.

पुढच्या फोटोंत प्रत्येक शाफ्टचं लेबल आणि फेरूल जवळून घे. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा